काळा वेश आणि क्रूस

पेंटेकॉस्ट म्हणजे ख्रिस्ती मंडळीचा वाढदिवस. येशूच्या शिष्यांवर पवित्र आत्मा उतरला, त्या दिवसाचा हा सण ईस्टरनंतरच्या सातव्या रविवारी येतो. जर्मनीत त्याला लागून सोमवारचीही सुट्टी असते आणि त्या जोडसुट्टीत १९९२ पासून लाइपझिग शहरात ‘वेव्ह-गोटिक-ट्रेफेन’ हा गॉथ लोकांचा मेळा भरतो. सुमारे २०,००० माणसं येतात. नखशिखांत काळे कपडे, पांढराफटक रंगवलेला चेहरा, डोळ्यांभोवती काजळाच्या जाड रेघा, गळ्यात कवटी, वटवाघूळ आणि पुष्कळदा क्रूससुद्धा. याच शहरात सेंट थॉमस चर्च आहे. योहान सेबास्टियन बाख १७२३ पासून १७५० साली मृत्यू येईपर्यंत इथला संगीतप्रमुख होता आणि त्याची कबरही आज याच चर्चमध्ये आहे. म्हणजे त्या रविवारी एकाच शहरात सणाच्या उपासनेला निघालेली कुटुंबं असतात आणि काळ्या झग्यांतली ही तरुण-प्रौढ मंडळीही असतात.

या दोन्ही गर्दींत एकच माणूस असू शकतो का? येशूला प्रभू मानणारा माणूस गॉथ राहू शकतो का? की बाप्तिस्म्याच्या पाण्यात उतरण्याआधी त्याने हा वेश, हे संगीत, ही मित्रमंडळी किनाऱ्यावर सोडून यायची? या पुस्तकाचा विषय एवढाच आहे.

माझं उत्तर पहिल्याच पानावर सांगून टाकतो. होय, असू शकतो. ख्रिस्ती परंपरेत शोकाला आणि मरणाच्या विचाराला जुनी, मानाची जागा होती. आपल्यापैकी कितीतरी मंडळ्यांनी ती हळूहळू बंद करून टाकली, म्हणून दाराशी आलेला गॉथ आपल्याला परका वाटतो. त्याला आत घेताना आपण आपलीच विसरलेली वस्तू परत घेत असतो. हे उत्तर बिनशर्त नाही. त्याच्या अटी काय, तेही पुढे येईल.

आधी हे लोक कोण, ते पाहू. १९७०च्या दशकाच्या अखेरीस इंग्लंडमध्ये पंक संगीताचा भडका ओसरत होता. त्या रागातून एक वेगळा, संथ आणि उदास सूर निघाला. ऑगस्ट १९७९मध्ये नॉर्दम्प्टनच्या बाउहाउस या बँडने ‘बेला लुगोसीज डेड’ हे नऊ मिनिटांहून लांब गाणं काढलं. बेला लुगोसी म्हणजे १९३१च्या ‘ड्रॅक्युला’ चित्रपटातला नट. त्याच सुमारास सूझी अँड द बॅन्शीज, द क्युअर, लीड्सचे द सिस्टर्स ऑफ मर्सी ही नावं पुढे आली. जुलै १९८२मध्ये लंडनच्या सोहो भागात ‘बॅटकेव्ह’ हा क्लब उघडला आणि या संगीताला वेश, केशभूषा, अड्डा, सगळंच मिळालं. जुन्या भयकथा, व्हिक्टोरियन काळातले शोकाचे पोशाख, पडके मठ, दफनभूमीतले दगडी देवदूत, अशा गोष्टींतून या लोकांनी आपलं सौंदर्य गोळा केलं. त्यात चर्चची आठवण पहिल्यापासून होती. द क्युअरने १९८१ साली काढलेल्या अल्बमचं नावच ‘फेथ’, म्हणजे श्रद्धा, असं आहे. त्याच्या मुखपृष्ठावर यॉर्कशरमधल्या बोल्टन प्रायरी या पडक्या मठाचे धुक्यात विरघळलेले अवशेष दिसतात. श्रद्धा हरवल्याची हळहळ ज्या संगीतात इतकी उघड आहे, ते संगीत श्रद्धेचं वैरी आहे असं म्हणायला मी धजावत नाही.

तरीही चर्चमध्ये भीती आहे आणि तिची कारणं पोकळ नाहीत. योहानाच्या शुभवर्तमानात ख्रिस्त हा प्रकाश आहे. पौल अंधाराच्या कामांत भागी होऊ नका असं बजावतो आणि जे शुद्ध, जे सुंदर, त्याचंच चिंतन करा असं फिलिप्पैकरांना लिहितो. मग कवट्या आणि थडगी यांत रमणाऱ्या मुलाकडे पालक काळजीने पाहणारच. गॉथ वर्तुळात टॅरो, मंत्रतंत्र, नवी मूर्तिपूजक पंथसाधना यांची चलती आहे, हेही खरं. त्यात १९९९ साली अमेरिकेतल्या कोलंबाइन शाळेत दोन विद्यार्थ्यांनी गोळीबार केला, तेव्हा वर्तमानपत्रांनी आणि टीव्हीने त्यांना गॉथ ठरवून टाकलं. ते दोघे गॉथ नव्हते, हे पुढे स्पष्ट झालं. पण शिक्का बसायचा तो बसला आणि लांब काळा कोट घातलेल्या प्रत्येक मुलाकडे शाळा आणि चर्च संशयाने पाहू लागलं.

या आक्षेपांना उत्तर देताना पहिली गोष्ट ही की पवित्र शास्त्रात अंधाराचा अर्थ एकच नाही. पापाचा अंधार आहे, तसाच देवाच्या सान्निध्याचाही आहे. सीनाय पर्वताशी लोक दूर उभे राहिले आणि मोशे त्या दाट अंधाराकडे गेला, कारण देव तिथे होता. शोकाचाही अंधार आहे. स्तोत्रसंहितेतली बहुतेक विलापस्तोत्रं शेवटी कुठेतरी आशेकडे वळतात. ८८वं स्तोत्र वळत नाही. रात्रंदिवस हाक मारणारा, मित्रांनी टाकलेला, कबरेच्या काठावर उभा असलेला माणूस देवाशी बोलत राहतो आणि स्तोत्र अंधारातच संपतं. ज्यांनी स्तोत्रं निवडली, जपली, त्यांनी या स्तोत्राला गोड शेवट जोडला नाही. ईयोब, उपदेशक, विलापगीत ही पुस्तकंही त्यांनी वगळली नाहीत. नुसत्या उजेडाचा धर्म हवा असेल तर आपल्याला बायबलची बरीच पानं फाडावी लागतील.

चर्चचा इतिहासही हेच सांगतो. कँटरबरीच्या कॅथेड्रलमध्ये आर्चबिशप हेन्री चिचेली यांचं स्मारक आहे. वरच्या मजल्यावर पूर्ण धर्मवस्त्रांत, मुकुट घातलेले आर्चबिशप हात जोडून पहुडलेले. खालच्या मजल्यावर तेच आर्चबिशप, पण उघडे, खंगलेले, कफनावर पडलेलं नुसतं प्रेत. त्यांचा मृत्यू १४४३चा. स्मारक मात्र त्यांनी त्याआधी कितीतरी वर्षं स्वतःच उभारून घेतलं होतं. म्हणजे इंग्लंडमधला सर्वांत मोठा धर्माधिकारी आपल्याच कॅथेड्रलमध्ये आपलंच प्रेत पाहत वावरत होता. लंडनच्या सेंट पॉल कॅथेड्रलचा डीन आणि कवी जॉन डन याने १६३१ साली, मरणाच्या थोडे दिवस आधी, अंगाभोवती कफन गुंडाळून, डोळे मिटून, अस्थिकलशाच्या आकाराच्या लाकडी बैठकीवर उभं राहून आपलं चित्र काढवून घेतलं आणि ते बिछान्याशेजारी ठेवलं, असं त्याचा चरित्रकार आयझॅक वॉल्टन सांगतो. त्यावरून घडवलेला संगमरवरी पुतळा १६६६च्या लंडनच्या आगीतून वाचला. आजही तो सेंट पॉलमध्ये उभा आहे आणि त्याच्या पायथ्याच्या कलशावर त्या आगीचे डाग आहेत. आज एखाद्या तरुणाने असा फोटो काढून घेतला तर आपण त्याला समुपदेशकाकडे नेऊ. डनने मात्र ते चित्र पुनरुत्थानाची तयारी म्हणून काढवलं होतं. कफनातला माणूस शेवटच्या तुतारीला उठून उभा राहतो आहे, अशीच ती मुद्रा आहे.

अठराव्या शतकात इंग्रजीत दफनभूमीवरच्या कवितेची लाट आली. गॉथिक साहित्याचा पाया तिथे आहे. ती कविता लिहिणारे कोण होते? ‘द ग्रेव्ह’ (१७४३) लिहिणारा रॉबर्ट ब्लेअर स्कॉटलंडमधल्या एका गावाचा पाळक. ‘नाइट थॉट्स’ लिहिणारा एडवर्ड यंग हाही पाळकच. ‘मेलमॉथ द वाँडरर’ (१८२०) या गाजलेल्या गॉथिक कादंबरीचा लेखक चार्ल्स मॅच्युरिन आयर्लंडमधला अँग्लिकन धर्मगुरू. याच परंपरेत मॅथ्यू लुइसच्या ‘द माँक’ (१७९६) सारखी, मठांना पापाचं आगर म्हणून रंगवणारी कादंबरीही आहे, हे मी लपवणार नाही. गॉथिक आणि चर्च यांचं नातं प्रेमाचं आहे तसंच भांडणाचंही. पण भांडण घरातलं आहे.

या जुन्या परंपरेतला एक विधी जवळून पाहण्यासारखा आहे. पवित्र आठवड्यातल्या ‘टेनेब्रे’ या उपासनेत वेदीजवळ त्रिकोणी दिवठणावर पंधरा मेणबत्त्या लावतात. एकेक स्तोत्र म्हणून झालं की एकेक मेणबत्ती विझवायची. चर्चमध्ये अंधार दाटत जातो. शिष्य एकामागून एक येशूला सोडून गेले, त्याची ही खूण. चौदा विझतात. पंधरावी मात्र विझवत नाहीत, ती तशीच जळती वेदीमागे नेऊन झाकून ठेवतात. मग काळोखात बाकांवर पुस्तकं आपटून मोठा आवाज करतात, येशूच्या मरणाच्या वेळी झालेल्या भूकंपाचा. त्यानंतर ती एक मेणबत्ती परत आणून ठेवली जाते आणि लोक न बोलता घरी जातात. माझ्या दृष्टीने ख्रिस्ती गॉथपणाची सगळी व्याख्या या विधीत आहे. काळोख खरा मानायचा, त्यातून घाईघाईने पळ काढायचा नाही आणि झाकलेली ज्योत विझलेली नाही हेही विसरायचं नाही.

वसईच्या किंवा गोव्याच्या वाचकाला हे ऐकून फार नवल वाटू नये. उपवासकाळाच्या पहिल्या बुधवारी आपणही कपाळावर राख लावून घेतो आणि तू माती आहेस हे ऐकून घेतो. गुड फ्रायडेला वेदी उघडी आणि घंटा बंद ठेवतो. मग दुसऱ्या दिवशी कुणी काळ्या वेशात आलं तर आपण दचकतो का? रंगाचं म्हणाल, तर शुभकार्यात काळं टाळणारं मराठी घर संक्रांतीला काळी चंद्रकळा हौसेने नेसतं. मंगळसूत्रात काळेच मणी ओवलेले असतात आणि कितीतरी मराठी ख्रिस्ती बायकांच्या गळ्यात त्या काळ्या मण्यांतच क्रूस असतो. रंग आपण ठरवू तो अर्थ वाहतो.

आता प्रत्यक्ष उदाहरणं. यॉर्कशरच्या किनाऱ्यावर व्हिटबी नावाचं छोटं बंदर आहे. सातव्या शतकात संत हिल्डा यांनी इथे मठ स्थापला. ६६४ साली इथल्याच धर्मसभेत उत्तर इंग्लंडमध्ये ईस्टर कोणत्या तारखेला पाळायचा याचा निर्णय झाला. इथल्या कड्यांत जेट नावाचा काळा, चमकदार, दगडासारखा पदार्थ सापडतो; तो कोट्यवधी वर्षांपूर्वी दबून राहिलेल्या लाकडाचा होतो. त्याचे क्रूस आणि जपमाळा होत. १८६१ साली नवरा वारल्यावर राणी व्हिक्टोरियाने शोकाचा वेश कायमचा धरला आणि व्हिटबीच्या जेटचे दागिने साऱ्या इंग्लंडचं शोकभूषण बनले. ब्रॅम स्टोकरने १८९७च्या ‘ड्रॅक्युला’मधली काही प्रकरणं याच गावात घडवली आणि १९९४ पासून तिथे गॉथ लोकांचा मेळा भरू लागला. १९९ पायऱ्या चढून ते सेंट मेरीच्या चर्चपाशी येतात. थडग्यांशी उभं राहून फोटो काढण्यावरून गावकऱ्यांच्या तक्रारीही झाल्या आहेत आणि त्या रास्त आहेत, कारण तिथे कुणाचे तरी आईबाप झोपलेले आहेत. तरी या गावाने गॉथांना आपलं मानलं आहे. ईस्टरचा निर्णय आणि काळा वेश एकाच कड्यावर नांदतात.

केंब्रिजमध्ये सेंट एडवर्ड किंग अँड मार्टर हे लहानसं जुनं चर्च आहे. इंग्लंडच्या धर्मसुधारणेतली सुरुवातीची प्रवचनं इथे झाली. पुढे १५५५ साली ऑक्सफर्डला जिवंत जाळले गेलेले ह्यू लॅटिमर इथे बोलत. याच चर्चमध्ये या शतकाच्या पहिल्या दशकात गॉथ लोकांसाठी प्रभुभोजनाची उपासना सुरू झाली. मेणबत्त्यांचा उजेड, गॉथ बँडांचं संगीत आणि त्याच भाकरी-द्राक्षारसाभोवती जमलेली माणसं. कॅलिफोर्नियातल्या सेव्हियर मशीन या ख्रिस्ती बँडने प्रकटीकरणाच्या पुस्तकावर अल्बमांची मालिका रचली. आणि गायक निक केव्ह. आपल्यावर चिकटवलेलं गॉथ हे लेबल त्याला कधी रुचलं नाही, पण १९८०च्या सुमाराचा त्याचा ‘द बर्थडे पार्टी’ हा बँड वगळून गॉथचा इतिहास सांगता येत नाही. १९९८ साली एका स्कॉटिश प्रकाशन संस्थेने बायबलची पुस्तकं सुटी छापली, तेव्हा मार्कच्या शुभवर्तमानाला त्याने प्रस्तावना लिहिली. २०१५ साली त्याचा किशोरवयीन मुलगा गेला. त्या दुःखातून तो श्रद्धेकडे कसा पाहू लागला, हे पत्रकार शॉन ओ’हेगन यांच्याशी झालेल्या संवादांच्या ‘फेथ, होप अँड कार्नेज’ (२०२२) या पुस्तकात वाचायला मिळतं. सांत्वनाची घाई न करणारी श्रद्धा कशी असते, हे त्यात दिसतं.

अटींकडे येतो. पौलाने करिंथकरांना लिहिलेल्या पहिल्या पत्रात मूर्तीला वाहिलेल्या मांसाचा प्रश्न आहे. मूर्ती काही नाही, म्हणून मांस खायला हरकत नाही, असं पौल म्हणतो. पण ते पाहून दुर्बळ मनाच्या भावाची श्रद्धा ढळणार असेल तर मी जन्मभर मांस खाणार नाही, असंही तोच म्हणतो. स्वातंत्र्य आणि प्रेम यांचा हा तोल ख्रिस्ती गॉथला रोज सांभाळावा लागतो. आजीच्या दफनविधीला कोणता दागिना घालायचा, आपल्याकडे पाहून शिकणाऱ्या लहान भावाला कोणतं गाणं ऐकवायचं, हे त्याने स्वतःला विचारायला हवं. दुसरी अट अधिक कडक आहे. मृतात्म्यांना बोलावणं, भविष्य पाहणं, जादूटोणा यांना अनुवादाच्या पुस्तकाने स्पष्ट मनाई केली आहे आणि तिथे सौंदर्याची सबब चालत नाही. तिसरी अट क्रूसाबद्दल. ज्यावर माणूस तडफडून मेला ते लाकूड नुसती नक्षी म्हणून मिरवणं, ही गॉथांची चूक आहे तशी सोन्याचा क्रूस मिरवणाऱ्या आपल्यासारख्यांचीही आहे. आणि चौथी अट सर्वांत महत्त्वाची. विलाप आणि निराशा यांत फरक आहे. विलाप करणारा देवाशी बोलत असतो, रागाने का होईना. निराश माणसाचं बोलणंच थांबलेलं असतं. स्वतःला इजा करण्याला किंवा जीव देण्याला कुठल्याही गाण्याने रम्य ठरवलं, तर ख्रिस्ती माणसाने तिथून उठावं आणि शेजारी बसलेल्यालाही उठवावं. अशा मुलाला प्रार्थनेबरोबर डॉक्टरही लागतो, हे पाळकांनी लक्षात ठेवावं.

अटी सांगताना दुसरी बाजू विसरून चालणार नाही. ११ ऑगस्ट २००७च्या पहाटे इंग्लंडमधल्या लँकेशरमध्ये, बेकप गावच्या एका बागेत, सोफी लँकेस्टर या २० वर्षांच्या मुलीवर आणि तिच्या मित्रावर पोरांच्या टोळक्याने हल्ला केला. कारण एवढंच की ते दोघे गॉथ दिसत होते. मित्र खाली कोसळला तेव्हा तिने त्याचं डोकं मांडीवर घेतलं, मदतीसाठी हाका मारल्या आणि मग टोळकं तिच्यावर उलटलं. २४ ऑगस्टला ती गेली. २०१३पासून ग्रेटर मँचेस्टर पोलिसांनी गॉथ आणि तशा इतर गटांवरचे हल्ले द्वेषातून झालेले गुन्हे म्हणून नोंदवायला सुरुवात केली. वेशावरून माणसाला हिणवणं कुठवर जाऊ शकतं, ते या घटनेने दाखवलं. देव बाह्य रूप पाहत नाही, हृदय पाहतो, असं शमुवेलाला सांगितलं गेलं. आपण चर्चच्या दारात उभे राहून नेमकं उलटं करतो, तेव्हा त्या टोळक्याच्या वाटेवरचं पहिलं पाऊल आपण टाकलेलं असतं.

हे सगळं मराठीत का लिहायचं? कारण हा प्रश्न मराठी ख्रिस्ती माणसाने आपल्या परीने आधीच सोडवलेला आहे. १६१६ साली फादर थॉमस स्टीफन्स यांनी ख्रिस्ताची कथा ओवीत सांगितली. १८९५ साली बाप्तिस्मा घेतलेल्या रेव्हरंड नारायण वामन टिळकांनी अभंग आणि कीर्तन चर्चमध्ये आणलं; तुकोबांच्या पुलावरून आपण ख्रिस्ताकडे आलो, असं ते मानत. ख्रिस्ताला स्वीकारताना आपला सूर, आपली भाषा, आपला पेहराव टाकून द्यावा लागतो हे त्यांनी मान्य केलं नाही. त्यांनी सुरातलं काय ठेवायचं आणि काय बदलायचं, याची निवड मात्र डोळसपणे केली. मुंबई, पुणे, वसई, पणजी इथले मूठभर तरुण आज काळे टी-शर्ट घालून हेच संगीत ऐकतात आणि रविवारी चर्चलाही येतात. त्यांना टिळकांचा वारसा नाकारण्याचं कारण मला दिसत नाही. कुलाब्याचं अफगाण चर्चही त्यांनी एकदा जरूर पाहावं. १८५८ साली उपासनेसाठी खुलं झालेलं, गॉथिक शैलीतलं हे चर्च पहिल्या अफगाण युद्धात मेलेल्यांच्या स्मरणार्थ बांधलेलं आहे. मृतांची नावं भिंतीवर आणि समोर वेदी, असं त्याचं रूप आहे.

पुस्तकाचे चार भाग आहेत. पहिल्यात गॉथ संगीत आणि वेश यांचा इतिहास, दुसऱ्यात मरणाच्या स्मरणाची ख्रिस्ती परंपरा, तिसऱ्यात शास्त्रातले आक्षेप आणि त्यांची उत्तरं, चौथ्यात मंडळीने प्रत्यक्ष काय करावं याचा विचार. घाई असलेल्या पालकांनी चौथ्यापासून सुरुवात केली तरी चालेल. तरुण वाचकांनी मात्र दुसरा भाग टाळू नये. आपल्याला सोळाव्या वर्षी सापडलेली गोष्ट आपल्या धर्माने शतकानुशतकं सांभाळली आहे, हे कळण्यात मोठा आधार असतो.

पाळकांना आणि आईवडिलांना शेवटी एक विनंती. काळ्या कपड्यांतलं पोर तुमच्या चर्चच्या मागच्या बाकावर येऊन बसलं, तर ते आलं आहे हीच मोठी गोष्ट समजा. वेशाची चौकशी पुढे कधीतरी होईल. आधी शेजारी बसा, नाव विचारा आणि कोणासाठी प्रार्थना करू, ते विचारा.